खांब कोणी उभारले, नायक?

थावरा नायक,

अर्ज लिहायला बसलो की मी आरंभी अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण नमूद करतो. दारव्ह्याच्या तहसील कचेरीसमोर इतकी वर्षे बसून अंगी बाणलेली ही शिस्त आहे आणि ती मी सहसा मोडत नाही. आज मोडतो. तुमचे वय तुम्हाला स्वतःलाही ठाऊक नव्हते, आणि यापुढे तुम्ही राहणार कोठले हे कोणत्या शब्दांत लिहावे ते मला उमगत नाही. यवतमाळच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी तुमच्याविषयी चार ओळी मागितल्या आहेत. जन्म, मृत्यू, अंगचे सद्गुण आणि ईश्वर मृतात्म्यास शांती देवो, एवढ्यावर त्यांचे भागले असते. परंतु तुमच्या चितेची राख नुकती कोठे निवली आहे, आणि तुमच्याशी चाललेला माझा वाद तर मुळीच निवलेला नाही. तेव्हा शांतीची मागणी तूर्त पुढे ढकलतो आणि मजकुरास येतो.

थप्पीची टेकडी कशी आहे हे तुम्हाला सांगणे म्हणजे उद्धटपणा होईल. पण वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहितो. बोरी अरबहून नेरच्या अंगाला निघाले की पऱ्हाटीची काळी वावरे मागे पडतात आणि मुरमाड चढ लागतो. चढ संपता संपता एक बुटकी टेकडी आडवी येते. तिचा एक कडा उघडा आहे. त्या कड्यात काळ्या पाषाणाचे खांब एकमेकांना खेटून उभे आहेत, कोणी सहा कोनांचे, कोणी पाच कोनांचे, माणसाच्या मिठीत जेमतेम मावतील इतके जाड. काही कलंडून एकावर एक पडले आहेत, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला कोणी गोण्यांची थप्पी रचून ठेवल्याचा भास होतो. तुमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत होते; मुक्कामाला गोण्या उतरवून अशीच थप्पी लावत. त्यांनीच टेकडीला हे नाव दिले असावे. खांबांच्या पायथ्याशी गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा आहे, आणि त्या पट्ट्याच्या वरच्या अंगाने, खांबांमधल्या फटींतून, बाराही महिने पाणी झिरपते. वैशाखात भोवतालच्या विहिरींचा तळ दिसू लागतो तेव्हाही तो झिरा आटत नाही. तुमचा तांडा त्या झिऱ्यावर जगतो. त्याला दुसरे पाणी नाही.

आपली ओळख बोरीच्या बाजारात झाली. मी लिंबाखाली बसून एका कास्तकाराला त्याचा साऱ्यात सूट मागणारा अर्ज वाचून दाखवत होतो. त्याचे वावर ‘अग्निजन्य खडकाने व्याप्त’ असल्याचे मी लिहिले होते. माझे शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलच्या अलीकडेच खुंटले हे मी कधी लपवलेले नाही. पण अग्निजन्य, जलजन्य आणि रूपांतरित या खडकांच्या तीन जाती मला आजही मुखोद्गत आहेत, आणि तालुक्यातल्या दुसऱ्या कोणत्याही अर्जनविसाला त्या ओळीने सांगता यायच्या नाहीत. तुम्ही शेजारच्या दुकानावर बैलांसाठी वेसण पारखत उभे होता. वळून म्हणालात,

“खडकाले आग लागलती का, मुनशीजी?”

आजूबाजूचे लोक हसले. मी चष्मा पुसला आणि तुम्हाला तिन्ही जाती फोड करून सांगितल्या. तुम्ही वेसण खांद्यावर टाकून, मान हलवत, शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.

“तीनच? दगडायचं बरं हाये बाप्पा. माणसायच्या जाती लिव्हता लिव्हता तुमची दौत सुकते.”

मग तुम्ही बटव्यातून एक फुटका गोटा काढलात. बाहेरून मळकट, आत पोकळ, आणि त्या पोकळीत पांढऱ्या, चमकत्या सुया दाटीने उभ्या.

“हा कोन्या जातीचा?”

“अग्निजन्यच,” मी म्हणालो.

“अन् आगीत हे काटे कसे उगवले?”

“ते त्याचे पुढचे प्रकरण आहे.”

तुम्ही इतके हसलात की पागोटे सावरावे लागले. वाऱ्याने माझे कागद उडत होते, म्हणून तो गोटा त्यांच्यावर ठेवून निघून गेलात. पुढच्या बाजाराला तुम्ही आलात ते कामावाचूनच आलात, आणि माझ्या सतरंजीच्या कोपऱ्यावर बसलात. ती जागा पुढे तुमचीच झाली. माझ्याकडे लोक गरजेपोटी येतात, नायक. काम झाले की ‘मुनशीजी, मुनशीजी’ म्हणणारी तोंडे वळतात. नुसते भांडायला येणारा माणूस मला तुमच्याआधी मिळाला नव्हता.

मी बोरीत घर बांधले तेव्हाची गोष्ट तुम्ही कधी बोलून दाखवली नाही, म्हणून ती येथे लिहितो. वाटणीवरून बोलाचाल झाली होती आणि भाऊबंदांपैकी एकही माणूस बांधकामाकडे फिरकला नव्हता. भिंती उठल्या, दार बसायचे होते. तेवढ्यात तुमची बैलगाडी दारात येऊन थांबली. गाडीत थप्पीचा एक खांब आडवा निजवलेला होता. तुमच्या तांड्याची रीत मला ऐकून माहीत होती: नवा संसार मांडणाऱ्या प्रत्येक घराला टेकडीवरून आपणहून पडलेला एक खांब मिळतो, दारापुढची पायरी म्हणून. उभ्या खांबाला कोणी हात लावत नाही, आणि कोणता खांब कोणाच्या दारी जायचा ते नायक ठरवतो.

“पण नायक, मी तांड्यातला नाही,” मी म्हणालो.

“दाराले नाही समजत ते. इकडून धरा, बोटं सांभाळा.”

माझे डोळे भरून आले होते. ते मी चुन्याच्या धुळीवर ढकलले. तुम्ही ओळखले असणार, कारण तुम्ही उगाच बैलांवर ओरडायला लागलात. हे आभार मी तुमच्या हयातीत मानले नाहीत. मानायला बसलो असतो तर मोठी प्रस्तावना केली असती, आणि तुम्ही ती पुरी होऊ दिली नसती.

त्याच पायरीवर बसून आपण वर्षानुवर्षे एकच वाद घातला.

“ही धार पाहा,” मी म्हणत असे. “ओळंबा लावून काढावी तशी सरळ. निसर्गाला ओळंबा ठाऊक नसतो, नायक. अग्निजन्य खडक थराथरांनी पसरतो, खांबासारखा उभा राहत नाही. हे मनुष्याचे काम आहे. प्राचीन काळी येथे कोणा राजाचा वाडा असला पाहिजे.”

“मंग टाकीची एक खूण दाखवा.”

“पावसापाण्याने झिजल्या.”

“धार नाही झिजली, अन् खूण तेवढी झिजली?”

“उत्तम कारागीर खूण मागे ठेवत नाही.”

“लय उत्तम! याचे सहा कोन, त्याचे पाच, तिकडच्या एकाचे चारच. तुमच्या राजाचा गवंडी मोहाची टाकून बसला होता का?”

“अनेक गवंडी असतील. पिढ्यान् पिढ्या काम चालले असेल.”

“अन् छप्पर? दार? राजा काय नुसता खांब पाहून झोपत होता?”

“लढाईत पडले असेल.”

“कोन्या लढाईत?”

येथे मी आत चहा सांगत असे.

तुमचे म्हणणे वेगळे होते आणि ते तुम्ही कधी बदलले नाही. थप्पी एकाच अंगाची आहे, असे तुम्ही म्हणत होता. खाली तळहात, वर फुटलेली बोटे. खांब वरून सुटे दिसतात, पण खाली गेले की सुटे कोणी नाही. “एका बोटाले ठेचलं का सारा हात झिनझिनते,” असे म्हणून तुम्ही आपला पंजा माझ्यापुढे धरत असा. उपमा सुंदर होती हे मी मान्य करत होतो. पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे, हे कचेरीसमोर बसणाऱ्याला कळते. मला आजही तुमचे म्हणणे पटलेले नाही. तुम्ही नाहीत म्हणून मी ते पटल्याचे सोंग करणार नाही. तेवढा मान तुम्हाला आहे.

आपला वाद असाच पायरीवर बसून म्हातारा झाला असता. मध्येच नेरच्या सडकेचे काम निघाले. दिवाळीनंतर ठेकेदाराची माणसे पहारी आणि घण घेऊन थप्पीवर आली. खांब फोडायला हलके; आधीच सुटलेले असल्यामुळे सुरुंगाला दारू कमी लागते आणि गिट्टी चांगली निघते, असे मुकादम सर्वांना खुशीने सांगत होता. दुपारी शिट्टी वाजायची, लाल निशाण वर जायचे आणि मग तो आवाज. बोरीत माझ्या घरच्या फळीवरची भांडी वाजत.

थोडेच दिवस गेले आणि तुम्ही लोटा घेऊन कचेरीसमोर आलात. पायी आला होतात. लोट्याच्या तोंडाला फडके बांधलेले होते. तो तुम्ही माझ्या लिहिण्याच्या पेटीवर ठेवलात. पाणी गेरू कालवल्यासारखे तांबडे होते.

“हे लावा अर्जाले.”

“काय लावू?”

“पानी. साहेबाले दिसलं पाह्यजे.”

“नायक, अर्जाला पाणी जोडता येत नाही. जमिनीच्या खसऱ्याची नक्कल जोडता येते, तिकीट लावता येते.”

“कागदावर लाल पानी लिव्हलं तं साहेबाले वाटन शाई सांडली.”

शेजारचे स्टॅम्पवाले हसू लागले. तुम्ही हसला नाहीत. मी कागद घेतला. पूर्वी असा अर्ज नागपूरपर्यंत जाई. आता आपण मुंबई राज्यात गेलो होतो, तेव्हा एक प्रत मुंबईला पाठवावी लागेल, असे मी समजावले.

“मुंबईले? तेथं तं समुद्र हाये म्हनतात. त्याईले आमच्या झिऱ्याचं काय सोयरसुतक?”

तरी आपण लिहिले. तुम्ही सांगितले तेवढेच लिहिले: तांड्याला दुसरे पाणी नाही, सुरुंगामुळे झिरा गढूळ झाला आहे, काम अन्यत्र हलवावे. तुम्ही अंगठा केलात. जाताना ते पाणी नाल्यात फेकवेना, म्हणून कचेरीच्या लिंबाला घातलेत. बऱ्याच दिवसांनी उत्तर आले की, साहेब समक्ष पाहणी करतील आणि अर्जदाराने जागेवर हजर राहावे.

येथून पुढे आपला वाद गमतीचा राहिला नाही.

मी तुम्हाला सांगितले, पाण्याचे रडगाणे कचेरीत रोज येते, त्याला कोणी विचारत नाही. साहेबाला राजवाडा सांगा. प्राचीन अवशेष म्हटले की सरकारचा हात थबकतो. कायदा तसा आहे. हे मी काही डावपेच म्हणून बोलत नव्हतो. माझे मतच ते होते. माझे खरे तुमच्या उपयोगी पडत होते, यात मला अभिमान वाटत होता.

“साहेब पुसन, कोन्या राजाचा?” तुम्ही म्हणालात.

“अज्ञात राजा. असे लिहिण्याची पद्धत आहे.”

“अन् एक डाव का राजाचा झाला, का भवताल तार मारतीन. शिपाई बसवतीन. मंग आमच्या बायायले झिऱ्यावर कोन येऊ देईन? राजाच्या वाड्यात कोनी घागर घेऊन जाते का?”

“आधी टेकडी तर वाचू द्या!”

“टेकडी वाचवून काय करू? पूजा करू? मले पानी पाह्यजे. अन् ते राजानं नाही केलं. जे नाही ते मी नाही सांगनार.”

“म्हणजे मी खोटे सांगायला लावतो?”

“तुमची लेखणी लय मोठी हाये, मुनशीजी. तिच्या सावलीत आमचा झिरा वाळून जाईन.”

हे तुम्ही माझ्या दारात, तुम्हीच आणून दिलेल्या पायरीवर उभे राहून बोललात. मला फार लागले. मी म्हणालो, मग साहेबापुढे तुमची बोटे आणि तुमचा तळहातच उभा करा. चहा आला होता. तुम्ही तो घेतला नाही. पागोटे बांधत गेलात, आणि मी तुम्हाला हाक मारली नाही. बाजाराच्या दिवशी याल, असे धरून चाललो होतो.

बाजाराला तुम्ही आला नाहीत. ताप आल्याचे तांड्यातल्या एका बाईने सांगितले. मी गेलो तेव्हा तुम्हाला घराबाहेर उन्हात बाजेवर निजवले होते, अंगावर दोन गोधड्या, तरी दात वाजत होते. टेकडीवर घणांचा आवाज चालू होता. मी बाजेशेजारी बसलो. तुम्ही डोळे उघडलेत, माझी बाही धरलीत आणि म्हणालात,

“राजवाडाच सांगा साहेबाले. तुमचंच खरं.”

“आधी बरे व्हा, नायक. मग भांडू.”

“सांगा. पोरी पान्याले कुठी जातीन...”

एवढेच. दुसऱ्या दिवशी तुमची बातमी आली.

आता माझी अडचण तुमच्यापुढे मांडतो, कारण ती दुसऱ्या कोणापुढे मांडता येत नाही. इतकी वर्षे मी ज्या शब्दांची वाट पाहत होतो ते शब्द मला मिळाले, आणि ते मिळताच मला नकोसे झाले. तुमचंच खरं! हे तुम्हाला पटले होते की तुम्ही थकला होता? की झिऱ्यासाठी जे कधी बोलला नव्हतात ते बोलायला तयार झालात? की रुसलेल्या मित्राची समजूत घालावी तसे मला जिंकू दिलेत? यांतले पहिले असेल तर मला आनंद व्हायला हवा. तो होत नाही.

मातीला आलेले लोक पांगले, तेव्हा मी नायकणबाईंना हे सांगितले. तुमच्या जमनीबाई अंगणात बसून गोवऱ्या मोडत होत्या. त्यांनी मान वर न करता ऐकले.

“त्याच तापात तो बैलं बी हाकत होता, मुनशीजी. आज्याचे बैलं. ‘चला रे, मीठ भिजन’ म्हने. थे बी सांगान का साहेबाले?”

“पण बाई, ते माझ्याकडे पाहून बोलले. शुद्धीवर होते.”

“माह्याकडं बी पाहून बोलला. मले ‘याडी’ म्हने. मी त्याची माय हावो का?”

मग त्यांनी गोवरी खाली ठेवली.

“साहेब येईन तवा तुमीच बोला. तुमाले बोलता येते. पन काय बोलता ते माह्या धन्यावर घालू नका. तो गेला. त्याच्या तोंडात आता कोनी काही घालू नये.”

साहेब आले ते तुम्ही गेल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी. तरुण होते, डोक्यावर टोप, हातात नकाशाची गुंडाळी. मी कोट घातला होता. घरून निघताना भाषण जुळवून घेतले होते. त्यात ‘गतवैभव’ होते, ‘अज्ञात नृपती’ होता, आणि शेवटी सरकारच्या रसिकतेला आवाहन होते. माझ्या आयुष्यातले ते उत्तम भाषण झाले असते. मुकादम साहेबांच्या मागे मागे चालत होता. तांड्यातल्या बाया झिऱ्याजवळ रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. कोणी रडत नव्हते, कोणी पाया पडत नव्हते. जमनीबाई सर्वांत मागे होत्या.

साहेबांनी एका खांबाच्या धारेवरून हात फिरवला. वर पाहिले, खाली पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला कुतूहल दिसले. राजवाडा म्हटले असते तर त्या माणसाने विश्वास ठेवला असता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

“हे खांब कोणी उभारले?” त्यांनी विचारले.

मुकादमाने माझ्याकडे बोट दाखवले. मी घसा साफ केला.

“साहेब, सदरहू खांब...”

आणि पुढे माझ्या तोंडून निघाले, “कोणीही उभारलेले नाहीत. हा एकच खडक आहे. वर बोटे फुटली आहेत, खाली तळहात आहे.”

माझा यावर विश्वास नाही, नायक. मी तुम्हाला वारंवार सांगितले आहे. तरी भरल्या सभेत तुमचे म्हणणे मी माझे म्हणून बोललो, कोट घालून, सरकारी माणसासमोर. तुम्ही बाजेवर माझे खरे बोललात आणि मी टेकडीवर तुमचे. दोघांनीही ज्यावर विश्वास नव्हता ते सांगितले. साक्षीदार म्हणून आपण दोघेही बाद ठरलो असतो.

“म्हणजे शेवटी दगडच?” साहेब म्हणाले.

“दगडच.”

“मग दगड फोडायला हरकत काय?”

मुकादम हसला. नेमके हेच होणार म्हणून मी तुमच्याशी भांडलो होतो. माझे भाषण अजून खिशात असल्यासारखे जवळ होते, पण आता ते काढता येत नव्हते. तेवढ्यात मागून जमनीबाई पुढे आल्या.

“हरकत नाही, साहेब. फोडा. पन हा मुकादम रोज म्हनते, आज भरून घ्या, उद्याचं सांगता येत नाही. तुमी मोठे हा. तुमी सांगा आमाले उद्याचं.”

वाकून साहेबांनी फटीखाली ओंजळ धरली. ओंजळ भरायला वेळ लागला. भरली तेव्हा त्यांनी पाणी सोडून दिले आणि तळव्यावर राहिलेल्या तांबड्या गाळाकडे पाहत राहिले. मग रुमालाने हात पुसला, मुकादमाला चुना आणायला सांगितले आणि टेकडीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक रेघ ओढून घेतली. झिऱ्याच्या बाजूचे खांब फोडू नयेत. पलीकडचे फोडण्यास परवानगी आहे. नकाशावरही त्यांनी पेन्सिलीने तशी रेघ मारली आणि जीपमध्ये बसले.

तांड्यात गूळ वाटला गेला. बोरीत लोक मला थांबवून म्हणतात, मुनशीजी, तुम्ही टेकडी वाचवली. एरवी असले शब्द मी बसून ऐकले असते. आता ऐकवत नाहीत, आणि त्याचे कारण तुम्हीच आहात.

खांब जर मनुष्याने उभारलेले असतील, एकेक घडवून शेजारी शेजारी रोवलेले असतील, तर पलीकडचे फुटले तरी अलीकडचे आपल्या जागी राहतील. रेघ शहाणपणाची ठरेल. झिरा राहील, बाया घागरी भरतील, आणि ज्या तारेची तुम्हाला भीती होती ती तारही नाही. पण तुम्ही म्हणत होता तशी ती एकाच हाताची बोटे असतील, तर चुन्याच्या रेघेला तो हात काय जुमानणार? पाणी रेघेच्या कोणत्या अंगाने येते हे साहेबाला ठाऊक नाही, मला नाही, मुकादमाला तर नाहीच. ते वैशाखात कळेल. इतकी वर्षे मी तुमच्याशी वाद घातला तो घालण्यातल्या गोडीसाठी. या वादात माझे बरोबर ठरावे आणि तुमचे चूक ठरावे, असे मला पोटातून आज पहिल्यांदा वाटते. आणि माझे मत इतके पक्के असूनही, तुम्ही बरोबर असाल ही धास्ती मला जेवू देत नाही.

काल दुपारी मी थप्पीवर गेलो. मुकादमाने हटकले, पण मी रेघेच्या अलीकडे आहे असे सांगितल्यावर गप्प बसला. शिट्टी झाली. लाल निशाण वर गेले. पलीकडची माणसे पळत जाऊन खड्ड्यांत बसली. मी झिऱ्यालगतच्या एका खांबावर तळहात सपाट टेकवला आणि उभा राहिलो. तो आवाज झाला. पलीकडून धूळ उठली, दगड घरंगळल्याचे ऐकू आले, मग सगळे शांत झाले. हात थरथरला होता. आधी दगड थरथरला की माझाच हात, हे मला ठरवता येईना. तुमचा हात असता तर तुम्ही सांगितले असते, आणि मी ते नाकबूल केले असते.

जमनीबाई मागे येऊन उभ्या होत्या.

“काय म्हनते?” त्यांनी विचारले.

“काही कळत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मला बाजूला सारले आणि घागर फटीखाली लावली. पाणी थेंबाथेंबाने पडू लागले. आम्ही दोघे वाकून त्याचा रंग पाहत उभे राहिलो.